तात्यांच्या प्रोग्रामला लागलेला बोल

फार जुनी गोष्ट आहे. राण्या चावडीवर बसून न्याय करत आणि संगणक कपाटाएवढे असत, तेव्हाची.

एका डोंगरी राज्यात कालव्यांचं पाणी सी या संगणकाच्या भाषेतला एक प्रोग्राम वाटून देई. तो त्र्यंबकतात्यांनी तरुणपणी लिहिलेला. तात्या थकले, तेव्हा काम सुलक्षणेकडे आलं. सुलक्षणा हुशार होती, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

प्रोग्राम एका कालव्याकडून त्याच्या फाट्याकडे, तिथून पुढच्या फाट्याकडे जाई. जाताना परतीची खूण आणि लागणारे आकडे तो स्टॅकवर, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतल्या एका बेताच्या जागेत, एकावर एक रचून ठेवी.

एके दिवशी तो मध्येच बंद पडला. स्टॅक ओसंडला, एवढंच संगणक सांगत होता.

"असं कसं झालं?" राणीने विचारलं.

"जुनं काम आहे, राणीसाहेब. तात्यांनी कच्चंच लिहिलंय," सुलक्षणा भर चावडीत म्हणाली.

बंद पडल्यावर प्रोग्राम तिने उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. तिने स्टॅकची जागा तेवढी वाढवली. काम सुरू झालं, लोकांनी वाहवा केली. तात्यांना मात्र सगळे हसू लागले. त्यांनी चावडीवर येणंच सोडलं.

उन्हाळ्यात नवे फाटे खोदले गेले आणि प्रोग्राम पुन्हा कोसळला. आता वाढवायला जागाच उरली नव्हती. कालव्यांची दारं मिटलेलीच राहिली. टोकाच्या गावातल्या केळीच्या बागा उभ्या वाळल्या.

तात्यांची चूक पकडायचीच, म्हणून सुलक्षणेने प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. तात्यांचं लिखाण काटकसरीचं होतं. त्यात एकच अवाढव्य तक्ता होता, साऱ्या राज्याची पाणीमोजणी मावेल एवढा. दर फाट्यावर त्याची नवी प्रत स्टॅकवर चढत होती. तो तक्ता काम हाती आल्या आल्या तिनेच घातला होता, राणीला सुबक अहवाल दाखवता यावा म्हणून.

तिने तक्ता स्टॅकबाहेर काढून एकदाच मांडला. साऱ्या फाट्यांना तोच एक. प्रोग्राम विनाअडखळ शेवटपर्यंत गेला. तिला आनंद झाला नाही.

ती तात्यांच्या ओसरीवर गेली. "तात्या, चूक माझी होती. दुरुस्त केली मी."

तात्या सुपारी कातरत होते. "प्रोग्राम दुरुस्त झाला, पोरी. बरं झालं. पण माझं नाव?"

दुसऱ्या दिवशी ती चावडीवर उभी राहिली. "तात्यांचं काम पक्कं होतं. बिघडवलं मी, आणि न बघता बोल त्यांना लावला."

राणीने तिच्याकडून कारभार काढून घेतला आणि तिला टोकाच्या गावी केळी लावायला पाठवलं. तिथे कुणी तिला टाकून बोललं नाही. उलट दुपारी हाक मारून भाकरी देत. तेच तिला सोसवत नसे.

जुन्या कामाला नावं ठेवण्याआधी, त्यात आपण काय घातलं ते पाहावं.