आन्सेलने न नांगरलेला पट्टा

फार वर्षं झाली याला. इतकी, की फ्रान्सचा राजा आणि इंग्लंडचा राजा एकमेकांशी का भांडत होते हे तेव्हा त्या दोघांनाही धड सांगता आलं नसतं. भांडण आजोबांनी सुरू केलं होतं आणि नातवंडं ते निभावत होती. मीही त्यात शिरणार नाही, मला त्याचा कंटाळा आहे. मी सांगणार आहे ते ओरवालच्या आन्सेलचं आणि त्याच्या घोडीचं.

ओरवाल हे फ्रान्सच्या उत्तरेकडचं लहानसं गाव. गावाबाहेर दोन रानांच्या मधे एक लांबट शेत होतं. शेत जमीनदाराचं, नांगर आन्सेलचा. आन्सेलची बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं. होती ती एक म्हातारी घोडी. रंगाने करडी, म्हणून तिचं नाव ग्रीझ. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ करडी असाच होतो. शेताच्या टोकाला पोचलं की आन्सेल तिच्या कानाशी वाकून विचारायचा, "अजून एक फेरी?" ती निघाली तर निघाली. नाही निघाली तर तो नांगर सोडायचा. लोक हसायचे आणि म्हणायचे, आन्सेल घोडीच्या नोकरीत आहे.

त्या साली हिवाळ्याच्या तोंडावर गव्हासाठी त्याने शेत खोल नांगरत आणलं. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक अरुंद पट्टा तेवढा राहिला. आन्सेलने विचारलं, "अजून एक फेरी?" ग्रीझ हलली नाही. ती दमली होती. खरं सांगायचं तर आन्सेलही दमला होता. "राहू दे, उद्या बघू," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला.

त्या पावसात दोन सैन्यं आली आणि शेताच्या दोन टोकांना थांबली. इंग्रज थोडे होते. कित्येक दिवस चालून आलेले, पोटं बिघडलेली, बऱ्याच जणांच्या पायात काहीच नाही. त्यांच्याजवळ माणसाएवढाली धनुष्यं होती आणि पुढ्यात जमिनीत रोवलेले टोकदार खुंट. समोर फ्रान्सचे घोडेस्वार, नखशिखांत लोखंडात, आणि इतके की या रानापासून त्या रानापर्यंत जागा पुरेना. प्रत्येकाला पहिल्या रांगेत उभं राहायचं होतं. मागे राहणं म्हणजे घराण्याचं नाक कापलं जाणं.

त्यांच्यातला गोतिये नावाचा तरुण सरदार आन्सेलच्या दाराशी आला. त्याचा ओझ्याचा घोडा लंगडत होता, म्हणून त्याने ग्रीझला सोडून घेतलं. आन्सेल तिच्यामागे धावला नाही, तेवढं त्राण त्याच्यात नव्हतं. तो चालत गेला. रांगेपर्यंत पोचल्यावर म्हणाला, "सरकार, शेतात उतरू नका. नुकतंच नांगरलंय."

त्याने पायातला जोडा काढला आणि टाच मातीत दाबली. खड्डा लगेच पाण्याने भरला.

"माझ्या टाचेला ही गत, तर तुमच्या घोड्यांना कशी पेलेल ही जमीन? मधे एक पट्टा राहिलाय नांगरायचा. तेवढा घट्ट आहे. जायचंच तर त्याच्यावरून जा, एकामागून एक."

गोतिये हसला. "एकामागून एक? आम्ही काय दळण घेऊन निघालोय का, म्हाताऱ्या? आणि पुढे कोण जाणार, मागे कोण राहणार?"

"ते मला नाही सांगता यायचं सरकार. मला जमीन कळते."

घोड्यावरून उतरून कुणी स्वतःची टाच लावून पाहिली नाही. थोड्या वेळाने शिंगं वाजली आणि सगळे एकदम निघाले.

असं म्हणतात की बाणांनी आभाळ इतकं झाकलं की संध्याकाळ झाली समजून पाखरं घरट्यात शिरली. असं म्हणतात की त्या मातीने त्या दिवशी घोडे गिळले. जो पडला तो आपल्याच लोखंडाखाली अडकला, आणि मागचे पुढच्यांवर येऊन पडत राहिले. आन्सेल रानाच्या कडेला उभा होता आणि त्या सगळ्यात एक करडा रंग शोधत होता. एवढी माणसं मरत असताना हा घोडी शोधतो, म्हणून त्याच्यावर रागावू नका. त्याचं दुसरं कुणी नव्हतं.

दुपारी बाण थांबले. जिंकलेल्या इंग्रजांनी जयघोषसुद्धा केला नाही, ते मटकन खाली बसले. आणि आन्सेलला ग्रीझ दिसली. सामान कुठेतरी पडलं होतं, खांद्यात बाण होता, आणि ती आपल्या त्या राहिलेल्या पट्ट्यावर उभी होती. तिला आणखी कुठे जायचं माहीत असणार?

तो पट्ट्यावरून तिच्याजवळ गेला आणि बाणाची काडी मोडून टाकली. "चल घरी," म्हणाला. तेवढ्यात शेजारच्या चिखलातून आवाज आला, "बाबा, मला वर काढा."

तो गोतिये होता, छातीपर्यंत रुतलेला.

घरापर्यंत चालण्याइतकं बळ घोडीत होतं, त्याहून जास्त नव्हतं. आन्सेलला ते दिसत होतं. पण माणसाला तसंच टाकून जाणंही त्याला जमेना. शेवटी त्याने तिच्या कानाशी वाकून विचारलं, "अजून एक फेरी?" ती हलू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.

ती निघाली.

ग्रीझच्या पाठीवरून लोंबणारा सामानाचा दोर बांधून त्यांनी गोतियेला वर ओढलं आणि पट्ट्याच्या टोकाला नेऊन ठेवलं. मग दुसरा दिसला. मग पाय मोडलेला एक इंग्रज. आन्सेलला अडवायला एक इंग्रज तिरंदाज उठून आला, चिखलात आपलाच माणूस पाहिला, आणि त्यानेही दोराला हात लावला. कुणी म्हणतं त्या दिवशी ग्रीझने चाळीस माणसं काढली, कुणी म्हणतं शंभर. मी सात म्हणतो. म्हातारी घोडी होती ती, आणि तिच्या खांद्यात बाणाचं टोक होतं. दर वेळी आन्सेलने विचारलं आणि दर वेळी ती निघाली. आठव्या वेळी ती हलली नाही. पट्ट्यावरच खाली बसली. आन्सेलने तिच्या अंगावरचा दोर सोडला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पुन्हा काही विचारलं नाही.

वसंतात जमीनदाराचा कारभारी आला. म्हणाला, "हा पट्टा का राहिला?"

"घोडी दमलीय," आन्सेल म्हणाला.

"अरे, ती मेली ना?"

"हो. फार दमली होती."

असं म्हणतात की कारभाऱ्याने बैल जुंपून पाहिले, पण त्या पट्ट्यात नांगराचा फाळ शिरेना. असं म्हणतात की भर हिवाळ्यातही तिथलं गवत हिरवं असतं.

ओरवालला आता ट्रॅक्टर आहेत, आणि ट्रॅक्टर दमत नाही. तरी पेरणीच्या दिवसांत, शेवटच्या फेरीच्या आधी, गावातला सगळ्यात वयस्कर माणूस ट्रॅक्टर बंद करायला लावतो, जोडा काढून टाच मातीत दाबतो आणि मोठ्याने विचारतो, "अजून एक फेरी?" ट्रॅक्टर कुणी पुन्हा सुरू करत नाही. मग सगळे घरी जातात आणि मधला पट्टा तसाच राहतो.

परका माणूस विचारतोच, इतकी चांगली जमीन रिकामी का ठेवता म्हणून. ओरवालचे लोक लढाईचं नाव काढत नाहीत, घोडीचंही नाही. एवढंच म्हणतात, "कुणाला चिखलातून बाहेर यायचं असेल तर."