बियाण्याचा वाफा

एका राज्यात राजा होता, प्रधान होता, सात दरवाजांची राजधानी होती, आणि राजधानीबाहेर ओढ्याच्या काठी गुणाजी माळ्याचा मळा होता. मळा तो केवढा, या बांधावरून त्या बांधावर खोकले तरी ऐकू यावे एवढा. पण त्यात मेथी होती, राजगिरा होता, आंबट चुका होता आणि चाकवत होता. तसा चाकवत पृथ्वीवर दुसरीकडे कुठे उगवत नसे.

राजाचे नाव चंडसेन, आणि नाव उगाच ठेवलेले नव्हते. सकाळी उठला की तो प्रधानाचे पागोटे खिडकीतून फेकून देई. दुपारी मात्र ताकातला चाकवत पानात पडला की त्याचा राग उतरे. मग तो न्याय करी, दानधर्म करी, आणि प्रधानाला नवे पागोटे देई. असे ते राज्य सुखाने चालले होते.

चाकवताचे बी गुणाजीच्या आजीला एका रानजोगिणीने दिले होते. देताना ती म्हणाली होती, "पहिला वाफा सगळ्यांत देखणा येईल. त्याला विळा लावू नका. तो बियाण्याला उभा ठेवा." आजीने ते पाळले, आईने पाळले, आणि आता गुणाजीची बायको भिवरा पाळत होती. भिवरा तोंडाने फटकळ, पण तिच्या हाताला मातीची माया होती. गुणाजी मात्र भारी भिडस्त. नाही म्हणायला त्याची जीभच रेटत नसे. मळ्यात गाय शिरली तर तो आधी तिची विचारपूस करी, मग हाकली.

एकदा भिवरा बहिणीच्या बाळंतपणाला गेली, आणि इकडे राजाकडे पाहुणे आले. शंभर जुड्या वाड्यावर गेल्या, तरी मुदपाकखान्याचा कारभारी पुन्हा दारात.

"गुणाजी, अजून वीस हव्यात."

"मळ्यात आता बियाण्याचाच वाफा राहिलाय, कारभारी."

"वीसच तर मागतोय."

गुणाजीला भीड मोडवेना. त्याने विळा घेतला.

विसावी जुडी बांधून होते न होते तोच बांधावर रानजोगीण उभी. "गुणाजी, उभं ठेवायचं ते तू आडवं केलंस. आता तू उभा राहा." एवढे बोलून, स्वतःशीच काही पुटपुटत ती दिसेनाशी झाली. गुणाजीचे हात दोन्ही बाजूंना पसरले, अंगात पेंढा भरला, डोक्याचे मडके झाले. वाफ्याच्या मधोमध एक बुजगावणे उभे राहिले.

भिवरा परतली. बुजगावण्याच्या कोपराला तिने स्वतः लावलेले ठिगळ होते, ते तिने ओळखले. आधी ती खूप बोलली, मग खूप रडली, मग पदराने मडके पुसून तिने ओढ्याचे पाणी वाफ्यांत सोडले. त्या दिवसापासून ती काम करता करता त्याच्याशी बोलत राही. आज चुक्याला कीड लागली, आज बहिणीच्या मुलाला दात आला, असे सगळे सांगे. तिला त्याच्यावाचून करमत नव्हते, आणि ते ती त्याला तोंडावर सांगे.

एक साळुंकी त्या मडक्यावर बसत असे. ती एके सकाळी म्हणाली, "बाई, जोगीण जाता जाता बोलली ते मी ऐकलंय. कामं तीन आहेत. हरवलेलं बी आण. त्याला बी धरेपर्यंत उभं ठेव. आणि ते नवं बी याच्याच हातानं पेर. यातलं एक जरी चुकलं, तरी पेंढ्याचा माणूस होणार नाही."

"बी आणू कुठून?"

"डोंगरातल्या भुयारात जुन्या राजांचं धन आहे. दुष्काळात सोनं खाता येत नाही, म्हणून त्यांनी हंड्याखाली मूठभर चाकवताचं बी ठेवलंय."

ते धन शापित होते. सोन्याला हात लावणाऱ्याचा तिथेच दगड होई. असे साठ दगड ओलांडून भिवरा आत गेली. हंड्याभोवती वेटोळे घालून एक पांढरा नाग बसला होता.

"काय हवं?" नागाने विचारले.

"हंड्याखालचं बी. हंडा तेवढा तुम्हीच सरकवा, मी सोन्याला शिवत नाही."

"हजार वर्षांत हे मागणारी तू पहिलीच," नाग म्हणाला, आणि त्याने शेपटीने हंडा बाजूला लोटला. मूठभर बी किड्यांनी खाल्ले होते. तीनच दाणे धड निघाले, काळे, चमकणारे. भिवरेने ते पदराच्या गाठीला बांधले.

तीन दाणे तिने वाफ्यात टोकले. दोन कुजले, एक उगवला. कोवळ्या पानांमागे पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुकटी दिसली, तेव्हा चाकवतच तो, अशी तिची खात्री झाली. साळुंकीने आनंदाने गुणाजीच्या डाव्या बाहीत घरटे बांधायला घेतले.

इकडे राजधानीत हाहाकार उडाला होता. चाकवत नाही, म्हणून राजाचा राग उतरत नव्हता. सातांपैकी पाच दरवाजे त्याने रागाच्या भरात चिणून टाकले होते. प्रधान तर उघड्या डोक्यानेच दरबारात येई. एक रोप उगवल्याची बातमी लागली, तसा राजा स्वतः घोड्यावर बसून मळ्यात आला.

"माळीणबाई, ते रोप खुडा."

"महाराज, ते बियाण्याचं आहे."

"आम्ही राजे आहोत."

"म्हणूनच हात जोडते. आज खुडलं तर एक घास होईल, आणि उद्या तोही नाही."

राजाने तलवार उपसली. भिवरा रोपापुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, हे बुजगावणं म्हणजे माझे मालक. एकदा नाही म्हणता आलं नाही, म्हणून असे उभे आहेत. त्यांच्या वाटणीचं मी म्हणते. नाही."

जन्मात हा शब्द राजाच्या कानावर पडला नव्हता. तलवार हातातच घेऊन तो घोड्यावरून खाली उतरला. एवढ्यात त्याच्या घोड्याने रोपाकडे मान लांबवली, तसा राजाने त्याचा लगाम खेचला. "गाढवा, बियाण्याचं आहे ते."

मग तो बांधावर बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी झारी घेऊन आला. भिवरेने त्याला बुंध्याशी हलके पाणी घालायला शिकवले. रोप कमरेएवढे झाले, तुरे आले, तुरे वाळले, आणि त्या दिवसांत राजाने प्रधानाचे पागोटे एकदाही फेकले नाही.

तुरे हातावर चोळून, सुपात पाखडून भिवरेने बी काढले. बारीक बी एकाच जागी पडू नये म्हणून ते वाळूत कालवले, आणि बुजगावण्याच्या पेंढ्याच्या उजव्या पंज्यावर ठेवले. खाली आपला हात धरून तिने तो पंजा हळूच कलता केला. बी वाफ्यावर सांडले, आणि तिच्या हातातला हात उबदार लागला. पेंढ्याची बोटे झाली, मडक्याचे तोंड झाले.

"भिवरे, चुकलं माझं," गुणाजी म्हणाला.

"माहीत आहे. हात खाली घ्या आता, अवघडले असतील."

त्याने उजवा घेतला. डावा तसाच पसरलेला राहिला.

"तो का?"

"बाहीत साळुंकीची पिल्लं आहेत. अजून पंख फुटायचेत त्यांना."

शेजारी उभ्या राजाचा आनंद गगनात मावेना. "गुणाजी, आत्ताच्या आत्ता वाड्यावर चला. मेजवानी आहे."

गुणाजीने एकदा राजाकडे पाहिले, एकदा बाहीकडे. "नाही, महाराज," तो म्हणाला.

राजा हसला. परत जाऊन त्याने पाचही दरवाजे मोकळे करवले. गुणाजी मात्र पिल्ले उडेपर्यंत बारा दिवस वाफ्यात उभा राहिला, या वेळी आपल्या मर्जीने. उजवा हात मोकळा होता, तरी भिवरा त्याला आपल्या हाताने भरवी, आणि तो मुकाट्याने भरवून घेई.

अशी ही कहाणी पानापानाने खुडली, आणि बियाण्यापुरती उभी ठेवली.