बांधाखालचा पाइप

जिथे पाऊस कायम हात आखडता घेई, अशा एका गावात एक संशयी शेतकरी राहत होता. जेवायचं आमंत्रण आलं तरी हा आधी विचारायचा, “मलाच का?”

त्या गावची रीत अशी, की ज्वारी काढली की धसकटं आणि पालापाचोळा पेटवून द्यायचा. रान कसं लख्ख दिसलं पाहिजे! फक्त याची शेजारीण काही जाळत नसे. सगळं रानातच कुजू देई. गाव तिला आळशी म्हणे.

एका उन्हाळ्यात ती बांधावर आली. “भाऊजी, यंदा धसकटं जाळू नका. मला द्या.”

याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कचरा कधी कोणी मागतं का? यात नक्कीच हिचा काहीतरी डाव! “बघतो,” म्हणाला, आणि ती पाठमोरी होताच त्याने काडी ओढली. धूर आभाळात गेला, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

त्या वर्षी पावसाने दोन सरी देऊन तोंड फिरवलं. ऊन तर दरसालपेक्षा कडक. याची ज्वारी कणीस बाहेर पडायच्या आधी, पोटरीतच सुकली. घरात खाणारी चार तोंडं आणि कणगीत तळाला दाणे. बांधापलीकडे मात्र शेजारणीची कणसं डोलत होती.

“हिने बांधाखालून पाइप टाकलाय. तरीच माझी विहीर आटली. पाणी चोरते!” त्याने पंचांना बोलावून आणलं. स्वतः कुदळ घेतली आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना कंबरभर खणलं. पाइप काही निघाला नाही. तिच्या बाजूने काळी, ओलसर, गांडुळांची माती निघाली. याच्या बाजूने निघाली दगडासारखी ढेकळं.

एका पंचाने दोन्ही रानांत एकेक तांब्या पाणी ओतलं. याच्या रानावरून ते वाहून गेलं. तिच्या मातीने ते तिथल्या तिथे पिऊन टाकलं.

“भाऊजी, तुम्ही जे धूर करून आभाळात धाडलं, ते मी मातीत ठेवलं,” शेजारीण म्हणाली. “आभाळ तापतच चाललंय. माती तेवढी ओल धरून राहिली.”

शेतकरी खजील झाला. पण खोड कुठे जाते? “मग माझी धसकटं कशाला मागत होता, वहिनी?”

“तुमच्याच रानात पसरायला. तुम्हीच पसरा म्हटलं असतं, तर ऐकलं असतंत?”

याचे डोळेच भरून आले.

त्या हिवाळ्यात त्याच्या घरी शेजारणीच्या ज्वारीच्या भाकरी झाल्या. पहिला घास घेताना त्याने ‘मलाच का?’ असं विचारलं नाही.

तात्पर्य: मातीचं मातीला द्यावं, ती कोरड्या सालीही सांभाळते. संशयाने ओढलेली काडी मात्र आधी आपलंच रान जाळते.