पाच महिने आणि दहा सेकंद

सोलापुरातल्या एका चादर कारखान्यासाठी नक्षी काढणाऱ्या पद्मजा गड्डम यांचे मानधन पाच महिने अडकले होते. विचारले की मालक बोल्लीशेठ सुस्कारा सोडत, "काय करणार बाई, बँक म्हणजे गोगलगाय!"

कारखान्याच्या रौप्यमहोत्सवात शेठ व्यासपीठावरून गरजले, "यापुढे आपला व्यवहार क्रिप्टोत! अमेरिकेतून पैसा दहा सेकंदांत इथे! काय पद्मजाबाई, आता तरी तक्रार नाही ना?"

सारी सभा वळून पाहू लागली. पद्मजाबाईंनी मोबाइल पुढे धरला. "मुळीच नाही, शेठ. माझं क्रिप्टोचं खातं तयार आहे. पाठवा, मी दहा मोजते."

"आत्ता? अहो, तुमचं बिल अजून माझ्या टेबलावरच आहे. ते तपासायचं, सही करायची... दिवाळीनंतर बघू."

"म्हणजे बिचाऱ्या बँकेला आपण उगाच बोल लावलात," पद्मजाबाई म्हणाल्या. "पैसा अमेरिकेहून दहा सेकंदांत येतो, आपल्या टेबलावरून उठायलाच त्याला पाच महिने लागतात."

पहिल्या रांगेतले बँकेचे मॅनेजर सर्वांत मोठ्याने हसले. शेठनी तिथल्या तिथे पैसे पाठवले, आणि तेही बँकेतूनच. क्रिप्टोचे खाते त्यांनी अजून उघडलेच नव्हते.