माळी बोलला नाही

एका गढीवर एक माळी होता. गढीसमोरच्या अंगणात त्याने स्वतःच्या हाताने हरळीची हिरवळ लावली होती. वीस वर्षं तिची निगा राखता राखता पाणी कधी सोडायचं, विळा कधी लावायचा आणि कधी अजिबात लावायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. माणूस कष्टाळू होता, पण मोठ्यांपुढे तोंड उघडायला तो फार भ्यायचा.

एका वर्षी उन्हाळा असा तापला की चैत्रातच ओढे आटले. उडती पाखरं तडफडून खाली पडू लागली. माळ्याने विळा बाजूला ठेवला. गवत वीतभर वाढू दिलं आणि दिवसाआड भल्या पहाटे बेताचं पाणी सोडलं. वरून हरळी पिवळी दिसे, पण माती उकरून पाहिली की मुळं ओली लागत.

गढीवर तेव्हा नवे सरदार आले होते. त्यांचा जन्म घोड्यावर गेलेला. त्यांच्या मुलीला पाहायला अक्षय तृतीयेला पाहुणे येणार होते. सणाला आठ दिवस उरले असताना सरदार अंगणात आले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय रे, ही बाग आहे की माळरान? उद्याच गालिच्यासारखं कापून काढ. दिवसभर पाणी दे. आठ दिवसांत हिरवंगार दिसलं पाहिजे."

आत्ता कापलं तर ऊन थेट मुळांवर उतरेल, भर दुपारचं पाणी तापून मुळं शिजवेल, हे माळ्याला पक्कं ठाऊक होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण सरदारांचा चढा आवाज अजून कानात घुमत होता. त्याने मान खाली घातली.

"जी, सरकार."

घरी माळणीने ऐकलं आणि ती हातातलं काम टाकून उठली. "अहो, सांगितलं का नाहीत त्यांना?"

"मोठ्यांपुढे आपण काय बोलणार? हुकूम त्यांचा, हिरवळही त्यांची."

"हिरवळ त्यांची असेल. पण विहिरीवरची मोट ओढणारे बैल आपले आहेत. अजून वेळ आहे, जा, सांगा."

माळी गेला नाही. 

दुसऱ्या दिवशी त्याने हरळी पार जमिनीलगत कापली. मग सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मोट चालू ठेवली. चौथ्या दिवशी गवताची टोकं पांढरी पडली. विहिरीचा तळ दिसू लागला, मोटेत गाळ यायला लागला. जोडीतला बांड्या बैल वयाने थकलेला होता. त्याच्या तोंडाला फेस येई, तो थांबून मागे वळून बघे. माळी दुसरीकडे पाहून आसूड वाजवी.

सहाव्या दिवशी दुपारी बांड्या मोटेच्या धावेवरच, बैलांच्या त्या उतरत्या वाटेवर, कोसळला. माळ्याने धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीतलं गढूळ पाणी त्याच्या तोंडाशी धरलं. बैलाने जीभ बाहेर काढली, पण पाणी ओठांवरूनच ओघळलं. माळीण येईपर्यंत सगळं संपलं होतं. 

अक्षय तृतीयेला अंगणात हिरवळ नव्हतीच. करपलेली, भेगाळलेली जमीन होती. सरदारांनी मूठभर गवत उपटलं, तर ते मुळासकट हातात आलं.

"असं का झालं?" त्यांनी विचारलं.

माळ्याने अडखळत सगळं सांगितलं.

"हे तुला आधी ठाऊक होतं?"

"होय, सरकार."

सरदारांनी हातातली मुळं त्याच्यापुढे धरली. "मला गवतातलं काय कळतं? म्हणून तर तुला ठेवलंय. तू एकदा नाही म्हणाला असतास, तर मी ऐकलं असतं."

त्यांनी माळ्याला शिक्षा केली नाही, कामावरूनही काढलं नाही. शिक्षा झाली असती तर बरं, असं माळ्याला वाटलं. त्याने कुदळ उचलली आणि त्याच उन्हात, मेलेली हरळी तो एकटाच खणून काढू लागला.

तात्पर्य एवढंच: न कळणाऱ्याच्या हातून चूक होते; पण ज्याला कळतं तो भीतीने गप्प बसला, तर त्या चुकीचा मोठा वाटेकरी तोच होतो.