गाणं झिजतं म्हणे

माणसं रानात यायच्या आधीची गोष्ट. दयाळ पक्षी गाणी रची, पोपट ती विकी, आणि तळ्याकाठचं म्हातारं कासव विकत घेतलेली गाणी रानातल्या पिल्लांना फुकट ऐकवी.

एकदा पोपट नवं गाणं घेऊन आला. "सशाला एका पेरूला दिलं, पण तुम्हाला दहा पेरू पडतील. पावसाळा सरला की गाणं परत करायचं. हवं असेल तर पुन्हा दहा."

"असं का बरं?" कासवाने विचारलं.

"गाणं ऐकून ऐकून झिजतं, आजोबा. तुमच्याकडे ऐकणारे फार."

बोलताना पोपट नजरेला नजर देईना. कासवाच्या मनात पाल चुकचुकली. ते हळूहळू चालत दयाळाच्या झाडाखाली गेलं.

"काय रे, तुझी गाणी झिजतात का?"

दयाळ खाली मान घालून म्हणाला, "झिजत असतील, आजोबा. पोपटराव तसंच म्हणतात. तुमच्याकडे गाणं झिजलं, म्हणून यंदा मला अर्धाच पेरू दिला."

कासव म्हणालं, "उद्यापासून तूच तळ्यावर ये."

दुसऱ्या दिवशी दयाळ गायला आणि पिल्लांनी आपापल्या घासातलं त्याच्यापुढे ठेवलं. पोपट आला तेव्हा कासवाने त्यालाही ऐकायला बसवलं. तो बसला, पण गाणं संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.