तीन पिढ्या कोर्टात

वकिलीच्या कॉलेजने आश्रमशाळेतल्या मुलांना एक दिवस पाहुणे म्हणून बोलावलं होतं. पारध्यांच्या वस्तीवरची सुरमी काळे पुढेच बसली होती. वकिलीच्या प्रवेश परीक्षेसाठी इथे चालणाऱ्या मोफत तयारी वर्गात आपलं नाव लागावं, एवढीच तिची आशा होती.

मुलांना धीर द्यायला नामांकित वकील सरपोतदारसाहेब उभे राहिले आणि बराच वेळ स्वतःच्या घराण्याबद्दलच बोलले. शेवटी म्हणाले, "वकिली रक्तात असावी लागते. आमच्या तीन पिढ्या कोर्टात गेल्या. तुम्ही आपलं शिवणकाम, गवंडीकाम बघा."

सुरमी उठली. "साहेब, आमच्याही तीन पिढ्या कोर्टातच गेल्या. पणजा, आजा, बाप. गावात चोरी झाली की आधी आम्हालाच धरायचे. सगळे निर्दोष सुटले, पण म्हातारे होऊन. घरात आरोपी पुष्कळ झाले, आता एक वकील हवाय."

साहेबांनी घसा खाकरला. "विषय गंभीर आहे. पुढे कधीतरी बघू."

"म्हणजे तुम्हीही तारीखच दिलीत," सुरमी म्हणाली.

मागे बसलेले वकिलीचे विद्यार्थी खदखदून हसले. कॉलेजच्या प्राचार्यबाई कसंबसं हसू आवरत म्हणाल्या, "सुरमी, सोमवारपासून वर्गाला ये."